अर्थिंग चांगलं होतं, तरी झटके बसत होते

जळगावच्या एमआयडीसीत आमची एक लहान शेड आहे. डाळ, बेसन, मसाले यांच्या पाकिटांची प्लास्टिक फिल्म आम्ही छापतो, कापतो आणि रोल करून देतो. गावात डाळमिल पुष्कळ, त्यामुळे काम बारा महिने असतं. मशीन माझे दीर बघतात. हिशेब, माल आणि माणसं माझ्याकडे. मी कॉमर्सची. खाली जे विज्ञान येईल ते मी चाळिशीनंतर शिकले, गरज पडली म्हणून शिकले. फिल्म, कागद, धागा, सॉल्व्हंट यांचं काम जिथे जिथे चालतं, तिथे कुणाला तरी ते उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहिते.

छपाईसाठी आम्ही वसईच्या एका कारखान्याकडून चार रंगांची जुनी रोटो मशीन घेतली. ती पावसाळ्यात बसवली. दसऱ्यापर्यंत उत्तम चालली. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली आणि एकेक तक्रार सुरू झाली.

पहिली तक्रार धुळीची. पांढऱ्या फिल्मवर बारीक काळे कण येऊन बसत. फडक्याने पुसले की थोड्या वेळाने आणखी जास्त बसत. मग छापलेल्या अक्षरांच्या कडांना शाईचे केसासारखे तंतू फुटायला लागले. आमची पोरं म्हणायची, अक्षराला मिशा आल्या. कापलेले तुकडे टेबलाला, हाताला, एकमेकांना चिकटून बसत. गठ्ठा नीट लागत नसे. एका गिऱ्हाइकाने अख्खी ऑर्डर परत केली.

त्यातच झटके सुरू झाले. मशीनच्या शेवटी जिथे छापलेली फिल्म गुंडाळली जाते, त्या रिवाइंडरजवळ उभं राहिलं की हातावरचे केस उभे राहत. मशीनच्या चौकटीला हात लागला की चटकन आवाज होऊन झटका बसे. ऑपरेटर जुना माणूस. तो म्हणाला, "वहिनी, मशीनमध्ये करंट उतरतोय. आज मी हात लावणार नाही." त्याचं बरोबर होतं. मी मशीन बंद करायला सांगितली आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्याने दोन दिवस घालून सगळी वायरिंग तपासली. मोटर, पॅनेल, हीटर, सगळ्यांना इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला. गळती कुठेच नव्हती. टेस्टर चौकटीला लावला तर पेटत नव्हता. गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी एकदाही पडला नव्हता. तरीही शंका नको म्हणून त्याने नवीन अर्थ पिट केला, तांब्याची पट्टी ओढली, मशीनला दोन ठिकाणी जोडली. रेझिस्टन्स मोजला, तो दोन ओहमच्या आत आला. काम चोख होतं. मशीन चालू केली. अर्ध्या तासात रिवाइंडरवर पुन्हा चट्‌चट्.

मग ज्याला जे माहीत ते त्याने सांगितलं. कुणी म्हणालं, जमिनीवर पाणी मारा. मारलं, आणि थोडा फरक पडला. पण फरशी निसरडी होऊ लागली आणि रोलच्या कडांना दमट डाग यायला लागले. शेजारच्या युनिटच्या मालकांनी सुचवलं की माणसांच्या पायाखाली रबराच्या मॅट टाका, रबरातून करंट जात नाही. मॅट टाकल्या. त्यानंतर झटके कमी बसायचे, पण बसला की आधीच्यापेक्षा जोराचा बसायचा. हे असं का, ते तेव्हा कुणालाच सांगता येईना.

जानेवारीत आग लागली.

सॉल्व्हंटच्या खोलीत टोल्युइनचा पत्र्याचा ड्रम लाकडी घोडीवर आडवा ठेवलेला होता. त्याला पितळी तोटी. एक मुलगा प्लास्टिकच्या बादलीत टोल्युइन काढून घेत होता. बादलीला नेहमीसारखी लोखंडी कडी. बादली अर्धी भरली आणि कडी तोटीजवळ गेली तेव्हा भक्क झालं. बादलीतून ज्वाळा उठली, त्याने बादली सोडली, टोल्युइन फरशीवर पसरलं आणि जमीन पेटली. ऑपरेटरने पावडरचा सिलिंडर ओढून मारला. दीर दुसरा घेऊन धावले. मिनिटभरात विझलं असेल. मी दारात उभी होते आणि मला पाय उचलता येत नव्हता, एवढंच आठवतं.

मुलाच्या उजव्या हाताचे केस जळले होते, मनगटापाशी फोड आले. दवाखान्यात नेलं, हात पूर्ण बरा झाला. त्याच्या आईला फोन मी केला. काय बोलले ते आठवत नाही, पण त्या नुसत्या "हो ताई, हो ताई" म्हणत होत्या ते आठवतं. मुलगा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मी काहीच पेटवलं नाही. मोबाइल पण बाहेर होता." आजूबाजूचे लोक मोबाइल, विडी, कुठली तरी वायर अशी कारणं शोधत होते. त्या खोलीत वायर नव्हतीच, दिवासुद्धा काचेआड बाहेरून होता. मी त्या मुलावर विश्वास ठेवला. खरं कारण कळेपर्यंत मशीन चालवायची नाही असं आम्ही ठरवलं.

माझी मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला होती. तिच्या फिजिक्सच्या सरांना तिने घरी घडलेलं सांगितलं असावं. एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "तुमच्या मशीनवर मेन्सचा करंट नाहीच. तुमच्या फिल्मवर चार्ज साठतोय. मी येऊन बघू का?"

सर आले ते हातात काचेची बरणी घेऊन. झाकणातून तांब्याची तार आत सोडलेली, तारेच्या टोकाला चॉकलेटच्या चांदीच्या दोन पातळ पट्ट्या. त्यांनी आधी शाईचे ट्रे रिकामे करायला लावले, पंखे लावून सॉल्व्हंटचा वास जाऊ दिला, आणि मगच नुसती कोरी फिल्म चालवायला सांगितली.

मशीन सुरू व्हायच्या आधी त्यांनी एक साधी गोष्ट केली. रोलमधून वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन्ही बोटांच्या चिमटीतून ओढल्या आणि शेजारी शेजारी लोंबत धरल्या. त्या एकमेकींपासून दूर सरल्या. मग एक पट्टी त्यांनी माझ्या हाताजवळ आणली, ती हाताकडे झेपावली. "चार्ज दोन प्रकारचा असतो," ते म्हणाले. "सारखे एकमेकांना ढकलतात, वेगळे एकमेकांना ओढतात. फ्रान्सच्या द्यु फे यांनी 1733 च्या सुमारास हे दोन प्रकार ओळखले, पुढे फ्रँकलिनने त्यांना धन आणि ऋण म्हटलं. दोन्ही पट्ट्या एकाच रोलच्या, एकाच बोटांतून ओढलेल्या. म्हणून दोघींवर एकाच जातीचा चार्ज."

मी विचारलं, हा चार्ज येतो कुठून? आम्ही तर काही लावत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण चार्ज आधीपासून असतो, सारख्याच प्रमाणात असतो, म्हणून जाणवत नाही. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना टेकल्या आणि सुटल्या की थोडे इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जातात. एकीवर ऋण जास्त होतो, दुसरीवर तेवढाच धन उरतो. नवीन काही तयार होत नाही, फक्त वाटणी बिघडते. आमच्या मशीनवर फिल्म प्रत्येक रंगाला रबर रोलर आणि धातूच्या सिलिंडरमध्ये दाबली जाते आणि वेगाने सुटते. दर मिनिटाला साठेक मीटर फिल्म अशी टेकत आणि सुटत जाते. शिवाय शाई धरावी म्हणून फिल्मला आधी कोरोना ट्रीटरखालून काढतात, तिथेही तिच्यावर चार्ज बसतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर असतो, त्यातून चार्ज हळूहळू निघून जातो. कोरड्या हवेत तो थर राहत नाही. मशीन बसवली तेव्हा काहीच जाणवलं नाही, त्याचं कारण हे होतं.

किती चार्ज साठतो, हे त्यांनी आमच्या चलनबुकाच्या मागे लिहून दाखवलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. एका इलेक्ट्रॉनवरचा चार्ज 1.6 × 10⁻¹⁹ कूलॉम. उघड्या हवेत एका चौरस मीटरवर ढोबळमानाने 25 मायक्रोकूलॉमच्या आसपास चार्ज मावतो. त्याहून जास्त झाला की हवाच तग धरत नाही, ठिणगी पडते. पृष्ठभागावरच्या लाखभर अणूंमागे एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झाला तरी ती मर्यादा गाठली जाते. मला हे ऐकून बरं वाटलं नाही. इतक्या थोड्याने एवढं होत असेल तर ते थांबवायचं कसं, असं वाटलं.

बलाबद्दल त्यांनी कूलॉमचा नियम सांगितला. कूलॉमने 1785 मध्ये पीळ बसणाऱ्या तारेचा तराजू करून हे मोजलं. चार्ज दुप्पट केला तर बल दुप्पट, अंतर दुप्पट केलं तर बल चौथा हिस्सा. एक कूलॉम आणि एक कूलॉम, मध्ये एक मीटर अंतर, तर बल नऊ अब्ज न्यूटन, म्हणजे नऊ लाख टनांच्या वजनाएवढं. कूलॉमभर चार्ज असा एका जागी कधी साठत नाही, पण मायक्रोकूलॉमचंही बल कमी नसतं. आमची फिल्म 50 मायक्रॉनची. एक चौरस मीटर फिल्मचं वजन 46 ग्रॅम. तिच्यावर हवेला झेपेल तेवढा पूर्ण चार्ज असेल आणि ती अर्थिंग केलेल्या पत्र्याच्या टेबलावर पडली, तर टेबल तिला जवळजवळ चार किलोच्या जोराने ओढून धरतं. चार्ज दहावा हिस्सा असला तरी ही ओढ तिच्या स्वतःच्या वजनाएवढी भरते. गठ्ठा का लागत नाही, याचं उत्तर त्या कागदावर होतं.

धुळीचं मला कळत नव्हतं. धुळीवर तर चार्ज नसतो, मग ती का ओढली जाते? हा प्रश्न मी विचारला तेव्हा सर खूश झाले. कणाच्या आतले चार्ज थोडे सरकतात. फिल्म ऋण असेल तर कणाची फिल्मकडची बाजू किंचित धन होते, पलीकडची किंचित ऋण. जवळच्या बाजूवर ओढ, लांबच्या बाजूवर ढकल. अंतर वाढलं की बल कमी होतं, त्यामुळे जवळची ओढ जिंकते. पुसल्यावर धूळ वाढायची, कारण कोरडं फडकं घासून आम्ही फिल्मवर आणखी चार्ज चढवत होतो.

आता मशीन सुरू केली. सर बरणी घेऊन रिवाइंडरकडे गेले. अजून दोन हात लांब होते, तोच बरणीतल्या चांदीच्या पट्ट्या एकमेकींपासून फाकल्या. तार कशालाच टेकलेली नव्हती. आम्ही सगळे गप्प होऊन बघत होतो. "हे विद्युतक्षेत्र," ते म्हणाले. "चार्जच्या आजूबाजूची जागा नुसती रिकामी नसते. तिथे दुसरा चार्ज ठेवला तर त्याच्यावर किती आणि कुठल्या दिशेने बल येईल, ते जागोजाग ठरलेलं असतं. तुमच्या हाताचे केस या क्षेत्रामुळेच उभे राहतात." मग ते म्हणाले, "आता नीट बघा." जिथे फिल्म एका स्टीलच्या रोलरवर टेकून जाते, तिथे त्यांनी बरणी धरली. पट्ट्या जवळजवळ मिटल्या. रोलर सोडून फिल्म पुन्हा मोकळ्या हवेत आली, तिथे पुन्हा फाकल्या.

दीर म्हणाले, "म्हणजे रोलरने चार्ज खेचून घेतला?"

"खेचला असता तर पुढे परत कुठून आला?" सर म्हणाले. "रोलरवर उलटा चार्ज जमतो, क्षेत्र त्या दोघांच्या मध्येच राहतं, बाहेर दिसत नाही. चार्ज फिल्मवर होता तिथेच आहे."

यानंतर त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. अर्थिंगने मशीनच्या लोखंडावरचा चार्ज जमिनीत जातो. फिल्मवरचा जात नाही. लोखंडात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, प्लास्टिकमध्ये ते फिरू शकत नाहीत. प्लास्टिकवरचा चार्ज चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखा असतो. रस्ता हातभर अंतरावर असला तरी गाडीला तिथवर जाता येत नाही. अर्थिंग दोन ओहमचं करा, अर्ध्या ओहमचं करा, फिल्मला त्याचा पत्ता नसतो.

उलट, लोखंडावर साठलेला असा चार्ज, म्हणजे स्टॅटिक, घालवायला इतकं भारी अर्थिंग लागतही नाही. आमची फिल्म साठ सेंटिमीटर रुंद, सेकंदाला मीटरभर पळते. तिच्यावरचा बहुतेक सगळा चार्ज धरला तरी तो दहा-बारा मायक्रोअँपिअरचा प्रवाह होतो. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा त्याच्या हजारो पट घेतो. बारा मायक्रोअँपिअर दहा लाख ओहममधून गेले तरी बारा व्होल्टच तयार होतात. म्हणून ईएलसीबी पडत नव्हता आणि मेगर काही दाखवत नव्हता. इलेक्ट्रिशियनने केलेला पिट मेन्सच्या धोक्यासाठी हवाच आहे, तो आमच्याकडे अजून आहे. फक्त आमचा त्रास त्या जातीचा नव्हता.

मॅटचंही कोडं सुटलं. सिमेंटच्या फरशीवर उभ्या माणसाचा चार्ज थोडा थोडा जमिनीत जात राहतो. रबरावर उभ्या माणसाचा जात नाही, साठत राहतो, आणि चौकटीला हात लागला की एकदम सगळा जातो. माणसाच्या अंगावर सहज दहा हजार व्होल्टपर्यंत चढू शकतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण अंगाची साठवण शंभर-दोनशे पिकोफॅरड एवढीच. त्यातली ऊर्जा पाचेक मिलिज्यूल. माणसाला नुसतं दचकवायला पुरेशी.

टोल्युइनच्या वाफेला मात्र पाव मिलिज्यूल पुरतं.

हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अंगावर साधारण तीन हजार व्होल्ट असल्याखेरीज माणसाला ठिणगी धड जाणवत नाही, आणि तेवढ्यात वाफ पेटवण्यापुरती ऊर्जा असते. म्हणजे आमच्या सॉल्व्हंटच्या खोलीत कुणाला झटका न बसताही आग लागू शकत होती. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट 4 अंश सेल्सिअस. जळगावच्या थंडीतही ते पेटू शकेल एवढी वाफ कायम सोडतं. ते स्वतः चार्ज नीट वाहून नेत नाही. तोटीतून वाहताना चार्ज घेतं आणि बादलीत तसंच साठवतं. बादली प्लास्टिकची, म्हणून तिच्यातून जमिनीकडे वाट नाही. तिची लोखंडी कडी कशालाच जोडलेली नव्हती, ती चार्ज झाली. समोर पितळी तोटी. मधली हवा दर सेंटिमीटरला सुमारे 30,000 व्होल्ट झेपवते. अंतर मिलिमीटरभर उरलं की तीन हजारांतच ठिणगी पडते.

सर म्हणाले, "प्लास्टिकपेक्षा जास्त भीती अधांतरी धातूची बाळगा. प्लास्टिकवरून ठिणगी पडली तर आसपासच्या थोड्या जागेतला चार्ज जातो. धातूवरून पडली की त्याच्यावरचा सगळाच्या सगळा एका ठिणगीत जातो." मुलगा खरं बोलत होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला तसं सांगितलं.

मग कामाला लागलो. दीर आणि ऑपरेटर मल्टिमीटर घेऊन बसले आणि मशीनचा प्रत्येक रोलर, प्रत्येक दांडी चौकटीशी जोडलेली आहे का ते बघितलं. चौकट चोख अर्थ होती, पण दोन रोलर नायलॉनच्या बुशवर फिरत होते. ते अधांतरी होते. त्यांच्या टोकाला कार्बन ब्रश टेकवून चौकटीशी जोडले. काही ठिकाणी जोडाच्या मध्ये रंग होता, तो खरवडून काढला. रबराच्या मॅट मशीनपाशी होत्या त्या काढल्या आणि माणसांना अँटिस्टॅटिक बूट घेतले. इलेक्ट्रिक पॅनेलसमोरची मॅट मात्र तशीच ठेवली आहे. तिथे धोका मेन्सच्या विजेचा असतो आणि तिथे ती हवीच.

सॉल्व्हंटच्या खोलीतून प्लास्टिकच्या सगळ्या बादल्या आणि कॅरबे बाहेर गेले. आता पत्र्याचे झाकणवाले कॅन आहेत. ड्रम तांब्याच्या तारेने अर्थला जोडलेला. कॅन आणि ड्रम यांच्यात दातेरी चिमट्याची केबल आधी लावायची, मगच तोटी उघडायची. दोन्ही धातू एकमेकांना जोडलेले असले की दोघांचा व्होल्टेज सारखाच राहतो, मध्ये ठिणगीला कारण उरत नाही. चिमटा रंगावर न लावता उघड्या धातूवर लावायचा. तोटी सावकाश सोडायची, नळी कॅनच्या तळापर्यंत जाऊ द्यायची, वरून धार पाडायची नाही. पोरांना सुरुवातीला कंटाळा यायचा. पण आग पाहिलेली असल्याने फार बोलावं लागलं नाही. त्या खोलीत नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे चालत नाहीत, सुतीच.

राहिली फिल्म. तिच्यावरचा चार्ज जमिनीत नेता येत नाही, तर उलटा चार्ज हवेतून तिच्यापर्यंत आणायचा. त्यासाठी टिन्सेल मिळतं, तांब्याच्या बारीक चकचकीत तारांची दोरी. टोकदार धातूजवळ विद्युतक्षेत्र दाट होतं, इतकं की टोकापाशी हवेचे रेणू फुटून धन-ऋण आयन होतात. फिल्मला जे आयन हवे असतात ते ती ओढून घेते. यासाठी वीज लागत नाही, फिल्मचं स्वतःचंच क्षेत्र हे काम करतं. टिन्सेल महाग नाही.

टिन्सेल देणाऱ्याच्या माणसाने ते बसवलं आणि काही फरक पडला नाही. गिऱ्हाईक सोडून जायच्या बेतात होतं, मला रडू यायचं बाकी होतं. मग बरणीतल्या पट्ट्या आठवल्या. त्याने दोरी बरोबर स्टीलच्या रोलरच्या वर ताणली होती. तिथे बाहेर क्षेत्रच नसतं, मग टोकांपाशी दाट काय होणार? शिवाय दोरीचं टोक रंगवलेल्या चौकटीला बांधलं होतं. अर्थ न झालेलं टिन्सेल तर उलट अधांतरी धातूच झालं. आम्ही ते काढून दोन रोलरच्या मधल्या मोकळ्या फिल्मपाशी आणलं, फिल्मपासून सेंटिमीटरभर अंतरावर ताणलं, दोन्ही टोकं उघड्या धातूला बोल्टने कसली. फिल्मच्या मागे जवळपास दुसरा धातू नाही याची खात्री केली. त्याच दिवशी मिशा गेल्या.

फील्ड मीटर एका पुरवठादाराने दाखवायला आणला होता तेव्हा आकडेही कळले. टिन्सेलच्या आधी फिल्मवर 18 किलोव्होल्टच्या आसपास, नंतर चार-पाच. टिन्सेलने चार्ज शून्यावर येत नाही, कारण क्षेत्र कमी झालं की टोकांपाशी हवा फुटणंच थांबतं. छपाईला एवढं पुरतं. रिवाइंडरवर मात्र थरावर थर बसून चार्ज पुन्हा वाढतो, म्हणून तिथे आम्ही विजेवर चालणारा आयनायझर बार घेतला. त्याला पैसे लागले. तो उच्च दाबावर चालतो, म्हणून सॉल्व्हंट असलेल्या छपाईच्या भागात आम्ही तो लावलेला नाही. तिथे फक्त टिन्सेल. छपाईच्या जागी बारच हवा असेल तर ज्वालाग्राही वाफेच्या जागेसाठी प्रमाणित केलेलाच घ्यावा लागतो. पुरवठादार हे आपणहून सांगेलच असं नाही, विचारून घ्या.

सगळे म्हणतात स्टॅटिकचा त्रास थंडीचा. आमच्याकडे मार्च-एप्रिलची दुपार त्याहून वाईट असते. भिंतीवर आर्द्रतामापक लावला आहे. जानेवारीत दुपारी काटा तिशीच्या खाली जातो, एप्रिलमध्ये विशीच्या. पाऊस पडला की त्रास आपोआप कमी होतो आणि सगळे तो विसरतात. म्हणून कार्बन ब्रश तपासणं आणि टिन्सेल बदलणं आम्ही दसऱ्याच्या यंत्रपूजेआधी करतो. बारच्या सुयांवर शाईची धूळ बसते, त्या दर आठवड्याला ब्रशने साफ कराव्या लागतात. नाही केल्या तर दिवा लागलेला दिसतो आणि आयन काही निघत नाहीत.

तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे. ड्रमला केबल लावली का, हे तोच सगळ्यांना विचारतो.

तुमच्याकडे टोल्युइन, थिनर, पेट्रोल, इथाइल अ‍ॅसिटेट यांपैकी काहीही प्लास्टिकच्या बादलीत काढलं जात असेल, तर बाकी सगळं नंतर करा, ती बादली आजच तिथून हलवा.